टाळेबंदीत पुन्हा जुळलेली परदेशी मैत्री पुढे कशी टिकवावी?

भामाकाठ | ५ एप्रिल २०२२

गेल्या आठवड्यात तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. २७ मार्चला भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा सुरू झाली, ३१ मार्चला इटलीने जानेवारी २०२० पासून चालत आलेली आणीबाणीची स्थिती संपवली, आणि गुढीपाडव्याच्या तोंडावर महाराष्ट्रातले उरलेसुरले कोरोना निर्बंध उठले. या तिन्ही बातम्या आनंदाच्या आहेत. त्यांच्यामुळे माझ्यापुढे मात्र एक प्रश्न उभा राहिला असून तो इथल्या अनुभवी मंडळींपुढे ठेवावा असे वाटले. साथीच्या काळात ज्या मित्राशी अनेक वर्षांनी पुन्हा बोलणे सुरू झाले, त्याच्याशी दारे उघडल्यानंतरही बोलणे चालू ठेवायचे असेल तर काय करावे?

माझा मित्र इटलीतल्या बेर्गामो शहराचा आहे. चाकण परिसरात वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्यांना हे नाव कोरोनाच्या आधीपासून माहीत आहे, कारण ब्रेक बनवणाऱ्या ब्रेंबो कंपनीचे मुख्यालय बेर्गामोला लागून असलेल्या स्तेत्सानो गावात आहे आणि तिचा एक कारखाना चाकणला आहे. मी त्या कंपनीत नव्हतो. त्याच व्यवसायातल्या एका लहान कारखान्याच्या कामासाठी २००७ साली काही महिने बेर्गामोत राहिलो होतो. हा मित्र तिथल्या ओतकाम विभागात तंत्रज्ञ होता. रविवारी तो मला टेकडीवरच्या जुन्या शहरात घेऊन जाई, व्हेनिसच्या राजवटीत बांधलेल्या तटावरून आम्ही दोघे चालत असू, आणि दुपारी त्याच्या आईवडिलांच्या घरी जेवायला जात असू. मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्याची आई माझ्यासाठी मक्याच्या पिठाचा पोलेंता नुसत्या चीजबरोबर वाढत असे.

त्याचे वडील सेरिआना खोऱ्यातल्या कापड गिरणीत आयुष्यभर राबलेले होते. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत साचेवाले होते. आम्हा दोघांना समान अशी भाषा नव्हती, तरी ते वृद्ध गृहस्थ हातवारे करून मला मागांविषयी, पाळ्यांविषयी आणि कापसाच्या तंतूंनी भरणाऱ्या छातीविषयी विचारत, आणि मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी तशाच हातवाऱ्यांनी सांगत असे.

परत आल्यावर काही वर्षे ईमेल चालू होत्या. पुढे नाताळ आणि दिवाळीच्या शुभेच्छा उरल्या आणि २०१२ च्या सुमारास त्याही थांबल्या. भांडण झाले नव्हते, गैरसमज नव्हता. दोघांच्याही नोकऱ्या बदलल्या, पत्ते बदलले, मुले मोठी होऊ लागली.

१८ मार्च २०२० च्या रात्री बेर्गामोच्या रस्त्यावरून शवपेट्या घेऊन निघालेल्या लष्करी ट्रकांची रांग साऱ्या जगाने पाहिली. शहरातल्या स्मशानाची आणि दाहगृहाची क्षमता संपल्यामुळे मृतदेह दुसऱ्या शहरांत पाठवावे लागत होते. ते छायाचित्र पाहिल्यावर मी जुनी वही काढली, तीत मिळालेल्या त्याच्या क्रमांकावर दोन ओळी पाठवल्या आणि शेवटी लिहिले की उत्तराची घाई नाही. काही दिवसांनी उत्तर आले. नेंब्रो गावात राहणाऱ्या त्याच्या वडिलांना रुग्णवाहिकेतून नेले तेच त्यांचे शेवटचे दर्शन ठरले होते. इटलीत त्या वेळी अंत्यविधीच्या सभांवरही बंदी होती. त्यांच्या अस्थी बऱ्याच उशिराने दुसऱ्या प्रांतातून घरी आल्या.

त्यानंतर आम्ही रविवारी बोलू लागलो. २९ मार्चला युरोपातली घड्याळे एक तास पुढे सरकली, त्यामुळे आमच्यातले अंतर साडेतीन तासांचे झाले. त्याची संध्याकाळची सहाची वेळ म्हणजे आमची रात्रीची साडेनऊची. बेर्गामो ज्यात येते त्या लोंबार्दी प्रांतात घरापासून दोनशे मीटरच्या पुढे फिरायला जाण्यास मनाई होती आणि बाहेर पडायचे तर कारण लिहिलेला कागद स्वतः सही करून खिशात ठेवावा लागे. आमच्याकडे सोसायटीचे फाटक बंद होते आणि जिल्ह्याबाहेर जायचे तर पोलिसांचा ई-पास लागत होता. त्या दिवसांत मला एक गोष्ट फार तीव्रतेने जाणवली. शेजारच्या गल्लीत राहणारा मित्र आणि बेर्गामोतला मित्र हे दोघेही माझ्यापासून सारखेच दूर होते, दोघेही फक्त पडद्यावर भेटत होते, आणि म्हणून जो आधी दूर होता तो आपोआप जवळचा झाला.

आम्ही आजाराविषयी फारसे बोललो नाही. त्याला वडिलांविषयी बोलायचे होते. त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेले होते, त्यामुळे तिथे कोणी कोणाचे दुःख ऐकून घ्यायचे हाच प्रश्न होता. मी मात्र त्याच्या वडिलांना भेटलो होतो, त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि त्यांचे मागांचे हातवारे मला आठवत होते. ते आठवून मी सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला. आपल्या आयुष्याचा एखादा तुकडा दूरच्या मित्राकडे जसाच्या तसा राहिलेला असतो आणि जवळच्या माणसांपैकी कोणाकडेही तो नसतो, असे मला तेव्हापासून वाटते. २८ जून २०२० ला बेर्गामोच्या स्मशानभूमीसमोर, राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला यांच्या उपस्थितीत, मृतांसाठी दोनिझेत्ती या त्याच शहरातल्या संगीतकाराचे प्रार्थनासंगीत सादर झाले. तो सोहळा त्याने त्याच्या घरी आणि मी माझ्या घरी पाहिला.

इतर विषयही निघत. त्याने मला पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या प्लेगसाठी शहराबाहेर उभारलेल्या लाझारेत्तो या विलगीकरणाच्या वास्तूविषयी सांगितले, आणि मी त्याला १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगविषयी आणि त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याविषयी सांगितले, जो आमच्या राज्याने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला होता.

मग एप्रिल २०२१ आला आणि काळजीची दिशा उलटली. मी घरातल्या एका खोलीत विलगीकरणात होतो, पुण्यात खाटा आणि प्राणवायू मिळत नव्हता, आणि बेर्गामोतून तो दिवसातून दोनदा ऑक्सिमीटरवरचा आकडा विचारत होता. ९४ च्या खाली गेलास तर थांबू नकोस, खोलीत सहा मिनिटे चालून पुन्हा आकडा पाहा, पोटावर झोप, हे सगळे आमच्या आरोग्य विभागानेही सांगितले होतेच. पण वडील गमावलेला माणूस ते सांगत होता, त्यामुळे मी ते काटेकोरपणे पाळले.

आता आम्ही दोघे बरे आहोत, दोघेही कामावर आहोत, आणि गेल्या दिवाळीपासून आमचे रविवार विरळ होत चालले आहेत. बेर्गामो आणि ब्रेशिया ही दोन शहरे २०२३ साली मिळून इटलीची सांस्कृतिक राजधानी होणार आहेत आणि त्या निमित्ताने त्याने मला सहकुटुंब बोलावले आहे. जावे असे फार वाटते. पण २०२३ पर्यंतचे महिने कसे भरायचे? आपल्यापैकी ज्यांनी अशी मैत्री जपली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ | ५ एप्रिल २०२२

आपले लेखन दोनदा वाचले. मी गोव्याचा आहे आणि २०१५ पर्यंत प्रवासी जहाजांवर स्वयंपाकघरात काम करत होतो. आमच्याकडे सासष्टीत घराआड एक तरी माणूस असा ‘बोटीवर’ गेलेला असतो, त्यामुळे परदेशी मित्र ही आम्हांला फार नवलाची गोष्ट नाही. माझा मित्र फिलिपिन्सचा. तीन करारांत आम्ही एकाच केबिनमध्ये वरखाली झोपलो.

मी जहाज सोडल्यावर संपर्क संपला होता. मे २०२० मध्ये मनिलाच्या उपसागरात नांगरून पडलेल्या प्रवासी जहाजांची बातमी पाहिली आणि त्याला निरोप पाठवला. तो त्यातल्याच एका जहाजावर होता. प्रवासी केव्हाच उतरून गेले होते, कर्मचारी मात्र चाचणीचे निकाल येईपर्यंत जहाजावरच थांबले होते. त्याला रात्री डेकवरून स्वतःच्या देशाचे दिवे दिसत होते आणि घरी जाता येत नव्हते. मी मडगावला दुकान बंद करून बसलो होतो. गोव्यात मार्चच्या अखेरीस सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद होती, हे बाहेरच्यांना बहुधा आठवत नसेल.

आपल्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर बोटीवरच्या रीतीत आहे. तिथे मैत्री कराराच्या मुदतीची असते. आठ-नऊ महिने संपले की एक जण घरी जातो, दुसरा दुसऱ्या जहाजावर चढतो, आणि कदाचित चार वर्षांनी तिसऱ्याच बंदरात दोघे समोरासमोर येतात. तेव्हा मधल्या काळात का लिहिले नाहीस असे कोणी कोणाला विचारत नाही. कोणत्या जहाजावर आहेस, शेफ कसा आहे, घरी पैसे वेळेवर पोचतात का, एवढे विचारून बोलणे मागच्या पानावरून पुढे सुरू होते. म्हणून रविवार विरळ झाले याचे आपण फार मनाला लावून घेऊ नये असे मी म्हणेन. माझा मित्र २०२१ च्या अखेरीस पुन्हा जहाजावर गेला आणि त्याचे इंटरनेट तुटपुंजे आहे, त्यामुळे आम्ही आता बोलतो ते जहाज बंदराला लागले की. बंदरांची यादी त्याने मला देऊन ठेवली आहे.

सरळरेषा | ६ एप्रिल २०२२

भामाकाठ, तुमच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडते, कारण मला ते मनापासून पटलेले आहे.

आमचा महाविद्यालयातला सात मैत्रिणींचा गट एप्रिल २०२० मध्ये झूमवर पुन्हा जमला. दोघी न्यू जर्सीत, एक लंडनजवळ, बाकीच्या मुंबई आणि ठाण्यात. फुकटच्या सभेची चाळीस मिनिटे संपली की बोलणे तुटायचे आणि आम्ही लगेच दुसरी सभा उघडायचो. लंडनजवळची मैत्रीण रुग्णालयात परिचारिका आहे, ती पाळीवरून आल्यावर कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत बसे. ते दिवस खरे होते आणि त्यांनी आम्हां सगळ्यांना तारले. पण २०२१ च्या मध्यानंतर हळूहळू एकेक जण गळत गेली आणि आता गटावर फक्त वाढदिवसाचे निरोप येतात.

सुरुवातीला मी एकटीच सगळ्यांना पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. शेवटी त्या परिचारिका मैत्रिणीने मला शांतपणे सांगितले की तो गट दिसला की तिला ते महिने आठवतात आणि झोप लागत नाही. तेव्हापासून मी बोलावणे बंद केले. संकटात जोडले गेलेले काही संबंध त्या संकटाच्या आठवणीशी इतके जखडलेले असतात की समोरच्याला विसरायचे असेल तर आपल्यालाही दूर व्हावे लागते. तुमच्या मित्राच्या बाबतीतही असे असू शकते, याचा विचार तुम्ही केला आहे का? त्याने वडील गमावले त्या वर्षाचा तुम्ही भाग आहात.

यारातीर | ६ एप्रिल २०२२

मी मेलबर्नहून लिहितो आहे, म्हणजे या चर्चेतला ‘परदेशातला मित्र’ मी आहे. त्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

माझे गाव सोलापूर. आई तिथे एकटी राहते. २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नागरिकांनाही विशेष परवानगीशिवाय देशाबाहेर जाण्यास मनाई झाली. ती बंदी नोव्हेंबर २०२१ पर्यंत टिकली. मेलबर्न शहर सहा टाळेबंदी मिळून २६२ दिवस बंद होते; ऑगस्ट २०२० मध्ये तर घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास व्यायामासाठी, आणि रात्री आठनंतर संचारबंदी, अशी स्थिती होती. घरून काम चालू होते, पगार येत होता, तक्रार करण्यासारखे काही नव्हते, आणि तरीही आईचा फोन उचलायला उशीर झाला की हातपाय गार पडत.

अशा वेळी मी शाळेतल्या एका मित्राचा शोध घेतला. दहावीनंतर आम्ही जवळजवळ बोललोच नव्हतो. त्याचे चादरींचे छोटे दुकान आहे आणि ते आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे एवढेच मला ठाऊक होते. पहिल्याच फोनवर त्याने काही न विचारता सांगितले की संध्याकाळी काकूंकडे जाऊन येतो. तो फाटकाबाहेर उभा राहून आईशी बोलत असे आणि औषधे कट्ट्यावर ठेवून जात असे.

एप्रिल २०२१ मध्ये आई आजारी पडली. खाट मिळवणे, रेमडेसिव्हिरसाठी रांगेत उभे राहणे, डॉक्टरांशी बोलणे, सारे त्याने केले. नेमके त्याच वेळी, ३ मेपासून, भारतातून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांवरही बंदी आली आणि ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. म्हणजे मी तिकडे गेलो असतो तर परत येणे गुन्हा ठरला असता, आणि इथे माझी दोन लहान मुले होती. आई वाचली, आणि ती त्याच्यामुळे वाचली असे मी मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या सगळ्यानंतर आमचे बोलणे अवघडून गेले. प्रत्येक फोनची सुरुवात मी आभाराने करायचो आणि शेवटही आभारानेच व्हायचा. मधल्या काळात मी त्याला त्याच्या दुकानाविषयी, मुलीविषयी, स्वतःविषयी काहीच विचारत नव्हतो, कारण त्याच्या ऋणाचे ओझे इतके होते की इतर काही बोलणे मला उथळ वाटे. एकदा त्याने मला मध्येच थांबवले आणि म्हणाला, “हे बघ, मी काही तुझ्यासाठी गेलो नव्हतो. शाळेत असताना काकूंच्या हातची शेंगाची चटणी आणि भाकरी रोज खाल्ली आहे मी. तू आता ते आभार बंद कर आणि मला सांग, माझ्या पोरीला बारावीनंतर काय करता येईल?”

त्या दिवसापासून आमची मैत्री खऱ्या अर्थाने परत सुरू झाली. त्याच्या मुलीला दर महिन्याला मी तासभर गणित शिकवतो. त्याला माझ्याकडून काही हवे आहे आणि ते मी देऊ शकतो, एवढ्याने आमच्यातला अवघडलेपणा गेला. भामाकाठ, तुमच्या दोघांमध्ये काळजीची देवाणघेवाण सारखी झाली आहे, २०२० मध्ये तुमच्याकडून आणि २०२१ मध्ये त्याच्याकडून, हे तुमचे मोठे भाग्य आहे. मी तुमच्या जागी असतो तर त्याच्याकडे काहीतरी मागितले असते. आजारपणातली मदत सोडून दुसरे काहीही, अगदी साधेसुधे.

निळीशाई | ७ एप्रिल २०२२

यारातीर यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ज्याला आता पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे, ते अनेकांना माहीत असेल. मी जपानी भाषेची शिक्षिका आहे आणि तरुणपणी काही काळ ओकायामात राहिले होते. तिथे जिच्या घरी माझे येणेजाणे होते ती मैत्रीण माझ्यापेक्षा वयाने वीस वर्षांनी मोठी आहे. तिला फोन आवडत नाही, संगणक ती वापरत नाही. आमचा संबंध पत्रांचा, आणि तोही कधी भरपूर तर कधी वर्षातून एका नववर्षाच्या कार्डापुरता.

मार्च २०२० मध्ये मी तिला खूप वर्षांनी लांबलचक पत्र लिहिले आणि ते टाकताच आले नाही. परदेशी टपाल मुख्यतः प्रवासी विमानांतूनच जाते, त्यामुळे विमाने थांबली आणि टपालही थांबले. हे आधी कधी माझ्या लक्षातच आले नव्हते. पत्र पाठवता येत नाही म्हणून लिहिणे मात्र थांबले नाही. शाळेचे वर्ग ऑनलाइन कसे चालले आहेत, विद्यार्थ्यांच्या घरात एकच फोन असला की कोण आधी शिकते, उद्यानाला कुलूप आहे आणि भिंतीवरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात, असे लिहून मी ठेवत गेले आणि वाट मोकळी झाल्यावर सगळी पत्रे एका जाड लिफाफ्यात पाठवली. तिचे उत्तर आले त्यात सरकारने घरोघरी वाटलेल्या दोन कापडी मुखपट्ट्यांपैकी एक होती. त्या मुखपट्ट्या तिला लहान पडत होत्या, मला बसेल असे तिला वाटले होते.

त्यानंतरचे दीड वर्ष आमच्या मैत्रीतला सर्वांत भरभरून पत्रव्यवहार झाला. पण गेल्या शरद ऋतूपासून तिचे पत्र नाही. या नववर्षाचे कार्डही आले नाही. जपानमध्ये घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा देणार-घेणार नाही असे कळवणारे कार्ड वर्षअखेरीस पाठवतात. तसेही काही आले नाही. जपानची दारे पर्यटकांना अजून बंद आहेत, त्यामुळे जाऊन पाहण्याचा मार्ग नाही. तिच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, पण आईच्या परवानगीशिवाय त्याला लिहिणे तिला आवडेल का, याची मला शंका आहे. ती फार संकोची आहे. आपण काय केले असते?

भामाकाठ | ७ एप्रिल २०२२

सर्वांचे मनापासून आभार. इतके विचारपूर्वक कोणी लिहील अशी मी अपेक्षा केली नव्हती.

सरळरेषा, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. काल रात्री मी तो जसाच्या तसा माझ्या मित्राला विचारला. त्याचे म्हणणे असे की १८ मार्च हा आता इटलीत कोरोनाच्या मृतांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे, त्या दिवशी शहरात ध्वज अर्ध्यावर उतरतात आणि तो दिवस त्याला फार जड जातो. पण माझा आवाज ऐकला की त्याला २०२० आठवत नाही, २००७ आठवते. आमच्या मैत्रीला साथीच्या आधीचे घर आहे म्हणून ती तिच्या पलीकडेही जाऊ शकते असे मला वाटते. तुमच्या परिचारिका मैत्रिणीच्या बाबतीत तुम्ही केलेत ते योग्यच होते. मात्र तुमच्या मतातला एक भाग मला पटत नाही. सगळा गट थांबला म्हणून त्यातली प्रत्येक जण थांबली असे होत नाही. सात जणींच्या सभेत जी कॅमेरा बंद ठेवत होती, तिला एकटीला पावसाळ्यात एखादा साधा निरोप गेला, ज्यात त्या दिवसांचा उल्लेखही नाही, तर तो तिला जड होईल असे मला वाटत नाही.

यारातीर, तुमच्या सल्ल्याने माझे काम सोपे केले. माझा मुलगा यंदा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ओतकामातच त्याला रस आहे. मित्राने त्या क्षेत्रात तीस वर्षे काढली आहेत. दर पंधरवड्याला त्या दोघांनी बोलावे असे मी सुचवले आणि मित्र लगेच तयार झाला. इतकेच नव्हे, पहिल्या खेपेस मुलाने साच्यातल्या वाळूविषयी काय वाचून यावे हेही त्याने सांगितले. त्याच्या बदल्यात त्याच्या मुलीला, जी वास्तुरचना शिकते, पुण्यातल्या वाड्यांची मोजमापे आणि छायाचित्रे हवी आहेत. पेठांत जे थोडे वाडे उरले आहेत त्यांपैकी काहींच्या मालकांशी माझी ओळख आहे, तेव्हा ते मी करू शकतो.

मांडवीकाठ, बंदरांच्या यादीची कल्पना मला फार आवडली. दर रविवारचा नेम आता दोघांनाही झेपणार नाही हे मान्य करून आम्ही काही ठरावीक दिवस निवडले आहेत. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याकडची घड्याळे बदलतात, ते दोन दिवस. त्याच्या वडिलांचा जन्मदिवस. आणि आमची दिवाळी. मधल्या काळात बोलणे झाले तर उत्तम, नाही झाले तर कोणी कोणाला विचारायचे नाही.

निळीशाई, तुमच्या प्रश्नावर मी घरीही बोललो. मी पहिला निरोप पाठवला तेव्हा उत्तराची घाई नाही असे लिहिले होते, आणि मित्राने नंतर सांगितले की त्या एका वाक्यामुळेच त्याला उत्तर लिहिता आले. लांब पत्राला लांब उत्तर द्यावे लागते असे तुमच्या मैत्रिणीला वाटत असेल आणि आता तिचा हात चालत नसेल, तर ती गप्प राहील. तिला एक साधे चित्रकार्ड पाठवून पाहा, उद्यानाचे छायाचित्र असलेले, दोन ओळींचे, आणि त्यात उत्तर नको असे स्पष्ट लिहा. मुलाला लिहायचेच झाले तर तिची चौकशी न करता तुमचा बदललेला फोन किंवा पत्ता कळवण्याच्या निमित्ताने लिहिता येईल. त्यात तिच्या संकोचाला धक्का लागत नाही.

सरळरेषा | ८ एप्रिल २०२२

भामाकाठ, तुम्ही मित्रालाच विचारलेत हे मला आवडले. मी स्वतः तसे कधी विचारले नव्हते. माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, कारण काही माणसांना खरोखरच विसरू द्यावे लागते. पण गट आणि व्यक्ती यांतला तुम्ही दाखवलेला फरक मान्य आहे. तिला जूनमध्ये निरोप पाठवीन आणि त्यात फक्त तिच्या बागेविषयी विचारीन; ट्यूलिपचे कंद ती दरवर्षी लावते.

निळीशाई | ८ एप्रिल २०२२

कार्डाची सूचना पटली. ओकायामाचे कोराकुएन उद्यान पाहून ज्याची रचना केली, त्या आपल्या उद्यानातला पूल आणि तळे यांचे छायाचित्र माझ्या एका विद्यार्थिनीने काढले आहे, त्याचेच कार्ड करून घेते. आमचा पत्ता गेल्या वर्षी सोसायटीच्या पुनर्विकासामुळे खरोखरच बदलला आहे आणि नवा पत्ता मी तिला एकाच पत्रात कळवला होता, तेव्हा मुलाला लिहिण्याचे कारणही खरे आहे. ते पत्र तिला मिळालेच नसेल आणि तिची उत्तरे जुन्या पत्त्यावर जात असतील, ही शक्यता भामाकाठ यांचा प्रतिसाद वाचेपर्यंत माझ्या मनात आलीच नव्हती. जुन्या इमारतीच्या जागी सध्या पत्र्यांचे कुंपण ठोकलेले आहे. आमच्या भागाच्या टपाल कार्यालयात जाऊन परत पाठवलेल्या परदेशी टपालाची चौकशी आज दुपारीच करते आणि काय कळते ते इथे लिहिते.